सांगलीच्या दारापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या दारापर्यंत: विमानाचे अंतर आणि वेळ कसा मोजावा

तिकिटावर 'एकूण प्रवास २१ तास ५० मिनिटे' असे छापलेले असते आणि घरातले सगळे तोच आकडा धरून बसतात. आजोबा शेजाऱ्यांना सांगतात, "एकवीस तासांत अमेरिका." तो आकडा खोटा नसतो, पण तो मुंबईच्या विमानतळावर सुरू होतो आणि परक्या विमानतळावर संपतो. आपण राहतो सांगलीत. विश्रामबागेतल्या घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या घरची बेल वाजवेपर्यंतचे तास मोजले, तर आकडा ३८च्या आसपास जातो आणि त्यातला जेमतेम निम्मा वेळ आपण हवेत असतो. हे आधी कळले की जेवण, औषधे, झोप, गाडीवाल्याला सांगायची वेळ असे सगळे नीट बसवता येते.

ओळखीतल्या बऱ्याच जणांची तिकिटे माझ्याकडे 'जरा बघून द्या' म्हणून येतात. पहिल्यांदा मुलांकडे निघालेले आई-वडील असतात, शिकायला जाणारी पोरे असतात. त्या सगळ्यांना मी जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहिले आहे. उदाहरणाला मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को घेतले आहे, कारण आपल्या भागातली पुष्कळ मुले तिकडे संगणकाच्या नोकरीत आहेत, आणि मुंबईपासून ते खूप लांबही आहे. लंडन, सिडनी, टोरांटो कुठेही जायचे असले तरी रीत हीच.

पायरी १: अंतर दोऱ्याने मोजा

भिंतीवरचा सपाट नकाशा या कामाला उपयोगाचा नाही. पृथ्वी गोल आहे. तिला कागदावर पसरताना ध्रुवाकडचे देश ताणले जातात, आणि कागदावरची सरळ रेघ प्रत्यक्षात सरळ राहत नाही. घरात किंवा जवळच्या शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणा. दोरा जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग.

पहिल्यांदा करणारा चकित होतो. दोरा अरबस्तान-युरोपवरून जात नाही, की पॅसिफिक महासागरावरून आडवाही जात नाही. तो मुंबईतून जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, हिमाचल आणि लेहवरून चीनच्या शिनजियांग प्रांतात शिरतो, सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढतो आणि अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात उतरतो. वाटेत तो ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जातो.

आता मोजमाप. शाळेतला गोल बहुधा १२ इंच व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा घेर साधारण ९६ सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा १ सेंटीमीटर साधारण ४१८ किलोमीटरचा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ३२ सेंटीमीटरच्या थोडा पुढे भरतो आणि गुणाकार येतो जवळपास १३,५००. गणिताने काढलेले अंतरही १३,५१० किलोमीटरच्या आसपासच आहे. नातवंडांना हा प्रयोग करायला लावा. भूगोलाच्या तासाला जे डोक्यात शिरले नसेल ते पाच मिनिटांत शिरेल.

अशी आणखी काही अंतरे हाताशी असू द्या. मुंबईपासून दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, सिंगापूर ३,९२०, फ्रँकफर्ट ६,५७०, लंडन ७,२००, न्यूयॉर्क १२,५३०.

अंतर कोणत्या मापात दिले आहे तेही बघत जा. अमेरिकी संकेतस्थळे मैल देतात, म्हणजे १.६०९ किलोमीटरचा एक मैल. वैमानिक सागरी मैल वापरतात, आणि तो १.८५२ किलोमीटरचा. त्यामुळे एकच मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर कुठे १३,५००, कुठे ८,४०० आणि कुठे ७,३०० दिसते. यातला एकही आकडा चुकीचा नाही.

पायरी २: अंतरावरून हवेतला वेळ काढा

मोठी जेट विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय दारापासून (म्हणजे विमानात चढायच्या गेटपासून) धावपट्टीपर्यंत रांगत जायला वेळ लागतो. तिकिटावरचा वेळ विमान दारातून हलल्यापासून दुसऱ्या दारात थांबेपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नव्हे.

म्हणून माझा ठोकताळा असा: अंतराला ८५० ने भागा आणि त्यात पाऊण तास मिळवा. दुबईला हा हिशेब तीन तासांचा येतो, वेळापत्रकात साधारण सव्वातीन असतात. लंडनला सव्वानऊ तास येतात. सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान असेल तर साडेसोळाच्या पुढे. जगात नियमित चालणारी सर्वांत लांब विमानसेवा सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किलोमीटरची, आणि तिला अठरा तासांहून जास्त लागतात. त्यामुळे 'एकाच विमानात बावीस तास बसायचे का हो?' ही भीती मनातून काढून टाका.

पायरी ३: वारा आणि बंद आकाश

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. अंतर तेच, विमान तेच, तरी जाताना एक वेळ आणि येताना दुसरी का?

विमाने ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचे अरुंद, वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि हिवाळ्यात याहून बराच वाढतो. विमान हवेत ज्या वेगाने जाते त्यात वाऱ्याचा वेग मिळतो किंवा त्यातून वजा होतो. कृष्णेत पोहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. धारेबरोबर आयर्विन पुलाखालून किती पटकन निघतो आणि उलटे यायला किती दम लागतो, हे त्याच्या खांद्यांना ठाऊक असते. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाताना, म्हणजे पश्चिमेला, जास्त वेळ लागतो आणि परतताना अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वाचतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे तब्बल १,४०० ने जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचले, आधीपेक्षा लवकर, कारण वारा पाठीशी होता. तेव्हा दोन तिकिटांची तुलना करताना नुसते किलोमीटर बघू नका.

वाऱ्याखेरीज आणखी दोन गोष्टी दोऱ्याच्या मार्गाला वाकवतात. पहिली म्हणजे हिमालय आणि तिबेटचे पठार. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला ताबडतोब सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटवर तेवढे खाली यायला जागाच नाही, जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून तो भाग शक्यतो टाळतात. दुसरी गोष्ट राजकारण. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. २०१९ मध्येही काही महिने असेच झाले होते. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना त्यामुळे मोठा वळसा पडला. मुंबईची विमाने अरबी समुद्रावरून निघत असल्याने त्यांना झळ कमी लागते. २०२२ पासून रशियाच्या आकाशाचेही तेच झाले आहे, काही देशांच्या विमानांना ते बंद, काहींना खुले. परिणाम असा की एकाच दोन शहरांमध्ये एका कंपनीला जास्त वेळ लागतो, दुसरीला कमी. त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या भावकीतल्या कुणाचा अनुभव आज जसाच्या तसा धरू नका. तिकीट काढताना त्या दिवशीचा वेळ बघा.

पायरी ४: सगळी घड्याळे भारतीय वेळेवर आणा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. वजाबाकी करायची असेल तर आधी सगळ्या वेळा एका घड्याळावर आणायला हव्यात. मी त्या भारतीय वेळेवर आणतो, कारण औषधाची वेळ, भुकेची वेळ आपल्या अंगात भारतीयच असते.

दुबई आपल्या दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे, वर्षभर हेच. पण युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, म्हणून तिथे दोन-दोन आकडे आहेत. लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलटतो. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. सिडनीचे ऋतूच उलटे, त्यामुळे आपल्या थंडीत ते साडेपाच तास पुढे असतात आणि आपल्या पावसाळ्यात साडेचार.

आता एक नमुन्याचे तिकीट सोडवू. वेळा मी कल्पून घेतल्या आहेत, पण खऱ्या तिकिटावर साधारण अशाच दिसतात. समजा १४ जानेवारी, म्हणजे संक्रांतीचा दिवस, आणि वाटेत दुबई.

मुंबई सुटणे: १४ तारीख, ०४:३०. भारतीय वेळ तीच.
दुबई पोचणे: ०६:१५. दीड तास मिळवला की भारतीय ०७:४५. प्रवास सव्वातीन तास.
दुबई सुटणे: ०८:५०, म्हणजे भारतीय १०:२०. दुबईत थांबा २ तास ३५ मिनिटे.
सॅन फ्रान्सिस्को पोचणे: १४ तारीख, १२:५०. साडेतेरा तास मिळवले की भारतीय १५ तारीख, पहाटे ०२:२०. प्रवास १६ तास.

बेरीज २१ तास ५० मिनिटे. तिकिटावरचा आकडा जुळला. नुसते तिकीट वरवर वाचणाऱ्याला मात्र पहाटे साडेचारला निघून त्याच दिवशी दुपारी पाऊण वाजता अमेरिका, म्हणजे सव्वाआठ तासच दिसतात. एका काकूंनी माझ्यापाशी याच जोरावर 'दोन्ही जेवणे घरीच होतील' असा बेत मांडला होता.

परतीला उलटे होते. शुक्रवारी दुपारी साडेचारला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालात, की शनिवारी रात्री आठला दुबई आणि रविवारी पहाटे अडीचला मुंबई. भारतीय वेळेने हिशेब केला तर साडेवीस तासच लागले, पण कॅलेंडरवर शनिवार जणू विमानातच खर्ची पडला. पोचण्याच्या वेळेपुढे लहान अक्षरात '+१' किंवा '+२' असते, ते इतक्या दिवसांनी तारीख पुढे गेल्याची खूण. चष्मा लावून ते शोधा.

पायरी ५: मध्यरात्रीची तारीख

ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकिटावर '१४ जानेवारी, ०४:३०' असेल तर आपण सांगलीतून १३ तारखेला दुपारीच निघालेले असायला हवे. १४ तारखेला सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, तिळगूळ वाटून निघालेला माणूस विमान गेल्यावर दहा-बारा तासांनी मुंबईत पोचेल.

यातही '००:३०' ही वेळ सर्वांत फसवी. '१५ मार्च, ००:३०' म्हणजे १५ तारीख सुरू होऊन अर्धा तास झालेला, आपल्या बोलण्यात १४ तारखेची रात्र. आपण 'पंधराची रात्र' म्हणतो ती तिकिटाच्या भाषेत १६ तारीख असते. मी लोकांना तिकिटाच्या छापील प्रतीवर पेनने मोठ्या अक्षरात लिहून देतो: 'घरातून निघणे: भोगी, १३ जानेवारी, दुपारी ३.' बाकी काही वाचले नाही तरी चालेल. भोगीची भाजी-भाकरी खाऊनच निघा म्हणावे, वाटेत तेवढे चांगले मिळणार नाही.

पायरी ६: सांगली ते विमानतळ

सांगली ते मुंबई हवाई अंतर ३१० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने मात्र पावणेचारशेहून जास्त. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटरला सव्वातीन तास लागतात आणि या पावणेचारशेला आठ. एवढ्या मोठ्या प्रवासात सर्वांत बेभरवशाचा टप्पा हाच, आणि लोक सर्वांत कमी विचार याचाच करतात.

पेठ नाक्यावर महामार्गाला लागेपर्यंतच साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या भेटतात. एकीला ओलांडले की पुढे दुसरी उभीच. मग कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, कात्रजपासून पुण्याबाहेर पडेपर्यंतची गर्दी, द्रुतगती मार्गावरचा खंडाळ्याचा घाट, आणि शेवटी मुंबईत शिरताना वाशीपासून सहारच्या विमानतळापर्यंतचे ते काही किलोमीटर, जे मध्यरात्री पाऊण तासात होतात आणि संध्याकाळी सातला दोन तासांतही होत नाहीत. सुट्ट्या जोडून आल्या असतील, शनिवार-रविवार असेल किंवा गणपतीचे दिवस असतील, तर घाटात दोन तास अडकण्याची तयारी ठेवा. आठ तासांच्या प्रवासाला मी दहा धरतो. जेवणाचा आणि चहाचा थांबा त्यातच.

परदेशी विमानासाठी विमानतळावर तीन तास आधी पोचावे. वयस्कर मंडळी असतील तर साडेतीन. बहुतेक कंपन्यांची सामान घेण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, मग विमान दारात उभे असले तरी उपयोग नसतो. आपल्या उदाहरणात ०४:३० च्या विमानासाठी रात्री १ वाजता विमानतळावर, म्हणून घरातून दुपारी ३ वाजता. साताऱ्याहून निघणाऱ्यांना अडीच तास उशिरा निघून चालेल.

गाडीला पर्याय आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री मिरज-सांगलीतून निघून सकाळी दादरला उतरता येते. विमान मध्यरात्रीचे असेल तर दिवसभर मुंबईतल्या नातेवाइकांकडे पाठ टेकता येते, घाटाची धास्तीही नाही. ज्यांचे मुंबईत कुणी आहे त्यांना मी हेच सुचवतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्याही आहेत, पण त्या बहुधा सकाळी मुंबईत पोचतात, म्हणून पहाटेच्या विमानाला त्या एक रात्र आधीच्या, आपल्या उदाहरणात १२ तारखेच्या रात्रीच्या, पकडाव्या लागतील.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सांगलीहून ५० किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथून देशातल्या मोठ्या शहरांना विमाने आहेत, पण शहरे आणि वेळा बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी बघा. पर्याय उत्तम आहे, एका अटीवर: कोल्हापूरपासून परदेशापर्यंत सगळे एकाच तिकिटावर हवे. वेगवेगळी दोन तिकिटे काढली आणि पावसाने किंवा धुक्याने कोल्हापूरचे विमान रद्द झाले, तर पुढच्या कंपनीचा तुमच्याशी संबंध नाही. दुसरे तिकीट बुडाले. जुलै-ऑगस्टमध्ये तर एक दिवस आधीच निघा. पुण्याहून परदेशी थेट विमाने मोजकीच आहेत. दुबई किंवा सिंगापूरला जायचे असेल तर पुणे आधी तपासा, पुण्यापुढचा रस्ता वाचेल.

आणखी एक नवी गोष्ट. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले. आता तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून भागणार नाही. 'बीओएम' असेल तर सहार-सांताक्रूझचा जुना, 'एनएमआय' असेल तर नवा. सांगलीहून येणाऱ्याला नवा विमानतळ वाशीच्या खाडीपुलाअलीकडेच लागतो, म्हणजे सोयीचा, पण चुकीच्या विमानतळावर उतरलात तर मधली वाहतूक पार करणे सोपे नाही. जुन्यातही परदेशी विमाने टर्मिनल २ म्हणजे सहारला. टर्मिनल १ सांताक्रूझला, वेगळ्या रस्त्यावर. गाडीवाल्याला 'एअरपोर्ट' एवढेच सांगू नका.

पायरी ७: वाटेतला थांबा निवडा

दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्को सुमारे १४,९५० किलोमीटर, फ्रँकफर्टमार्गे सुमारे १५,७००, सिंगापूरमार्गे १७,५००. थेट अंतर १३,५००. म्हणजे या तिघांत दुबई हा सर्वांत कमी वळशाचा थांबा. पण मग उरलेला १३,००० किलोमीटरचा टप्पा एकाच बैठकीत येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला युरोपमार्गे दोन मध्यम टप्पे बरे पडतात, एकूण वेळ थोडा जास्त झाला तरी. पोरे स्वस्त तिकीट बघतात, आई-वडिलांनी टप्पे बघावेत.

थांबा किती असावा? दीड तासाचा थांबा कागदावर चालतो, पण पहिले विमान पाऊण तास उशिरा आले की धावपळ. पहिल्यांदा जाणाऱ्याने अडीच ते चार तासांचा घ्यावा. आठ-दहा तासांचा घेऊ नये, खुर्चीत बसून कंबर मोडते. लंडन किंवा न्यूयॉर्कला एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे तिकीट स्वस्त दिसते; ते घेऊ नका, शहर ओलांडावे लागते आणि त्या देशाचा व्हिसाही लागतो. विमानतळ तोच असला तरी काही देश थांब्यासाठी व्हिसा मागतात. हे नियम बदलतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा.

अमेरिकेत आत आणखी एक विमान बदलायचे असेल, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर पासपोर्ट तपासणी होते, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा नको. परत येताना मुंबईहून कोल्हापूरचे विमान घेणार असाल तर हाच नियम मुंबईत लागू होतो.

सगळी बेरीज

सांगली ते सहार १० तास. विमानतळावर साडेतीन. तिकिटावरचे २१ तास ५० मिनिटे. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि घरापर्यंतचा रस्ता मिळून अडीच. एकूण ३७ तास ५० मिनिटे. त्यातले हवेतले १९ तास १५ मिनिटे.

आणि गंमत बघा, १३ तारखेला दुपारी ३ ला निघालेला माणूस तिकडे १४ तारखेला दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी घरात शिरतो. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे एकच दिवस झाला. अंगाप्रमाणे पहाटेचे पावणेपाच वाजलेले आहेत आणि दोन रात्री नीट झोप नाही. पोचल्यावर त्याच संध्याकाळी सत्यनारायण किंवा पाहुणे ठेवू नका, हे मुलांना आधीच सांगा. उजेड असेपर्यंत जागे राहावे, अंगणात फिरावे, रात्री तिकडच्या वेळेने झोपावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर वर केलेला भारतीय वेळेचा तक्ता घेऊन निघण्याआधी डॉक्टरांकडे जा. कोणती मात्रा कधी, ते त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

मागे राहिलेल्यांसाठी

घरी थांबलेले लोक हल्ली मोबाइलवर विमानाचा ठिपका बघत बसतात. ठीक आहे, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. हे ठिपके बहुतेक वेळा जमिनीवरच्या यंत्रांना मिळणाऱ्या संदेशांवरून दिसतात. विमान महासागरावर किंवा ध्रुवाकडे गेले की तिथे यंत्रे नसतात, आणि ठिपका गायब होतो किंवा अंदाजाने पुढे सरकत राहतो. त्यावरून काही अभद्र मनात आणू नका. दुसरे, शोधताना विमानाचा क्रमांक आणि तारीख दोन्ही घाला. लांब पल्ल्याच्या मार्गावर त्याच क्रमांकाचे कालचे विमान बरेच उशिरा सुटले असेल, तर ते अजून हवेत आणि आजचे नुकतेच सुटलेले असे असू शकते, आणि आपण भलत्याच विमानाकडे बघून 'अजून ग्रीनलंडवरच कसे?' म्हणत बसतो.

परतीच्या दिवशी आणायला गाडी पाठवताना वाराचा घोळ हमखास होतो. विमान रविवारी पहाटे अडीचला उतरणार असेल तर बाहेर यायला साडेतीन-चार होतील, म्हणजे गाडी सांगलीतून शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत निघायला हवी. ड्रायव्हरला 'रविवारी या' म्हणू नका. 'शनिवारी संध्याकाळी निघायचे, रात्री मुंबई' असे सांगा, आणि शनिवारी दुपारी पुन्हा एकदा फोन करा.